एअर फिल्टर: कागदाचाच ठेवावा की तेलाचा बसवावा?

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन साधारण ९,००० लिटर हवा ओढतं. हिशेब अवघड नाही. पेट्रोलच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. लिटरभर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा झाली जवळपास ११ किलो. आणि एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. टाकी ३५ लिटरची असेल तर दर टाकीमागे तीन लाख लिटरच्या वर हवा त्या वीतभर फिल्टरमधून गाळून आत जाते. हा आकडा डोक्यात असला की ‘फिल्टर बदलला, गाडी पळायला लागली’ आणि ‘तेलाचा फिल्टर टाकला, इंजिन संपलं’ या दोन्ही गप्पा जरा शांतपणे ऐकता येतात.

मी माझ्या गाडीत दोन्ही वापरलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: रोज कामावर जायच्या गाडीत कागदाचा फिल्टर. पण तेलाचा फिल्टर ज्यांना खरोखर उपयोगी पडतो अशीही माणसं आहेत. आपण त्यांच्यातले आहोत का, हे गाडीच्या मॉडेलवरून थोडं आणि स्वतःच्या सवयींवरून जास्त ठरतं.

आधी दोघांचं काम कसं चालतं ते

कागदाचा फिल्टर म्हणजे राळ चढवून कडक केलेला, घड्या घातलेला सच्छिद्र कागद. घड्या शोभेसाठी नसतात. त्या उलगडल्या तर डब्यात मावणाऱ्या तुकड्याच्या कितीतरी पट मोठा कागद निघतो, आणि तेवढ्या क्षेत्रावर हवा पसरली की ती हळू जाते आणि अडथळाही कमी होतो.

तेलाचा फिल्टर म्हणजे सुती जाळीदार कापडाचे काही थर, दोन्ही बाजूंनी बारीक तारेची जाळी आणि कापडावर चिकट, बहुधा लाल रंगाचं तेल. कापडाची भोकं कागदापेक्षा मोठी असतात. हवा मोकळी जाते, आणि धूळ अडते ती भोकं बारीक असल्यामुळे नाही तर वळणं घेताना तेलाला चिकटल्यामुळे. म्हणजे इथे खरं गाळायचं काम तेल करतं. तेल कमी पडलं तर फिल्टर म्हणजे नुसतं विरळ फडकं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येणार आहे.

बाजारात आणखी दोन प्रकार दिसतील: तेल लावायचा स्पंजचा फिल्टर आणि तेल न लागणारा कृत्रिम धाग्यांचा धुता येणारा फिल्टर. दुसऱ्याबद्दल शेवटी बोलू, कारण बऱ्याच जणांना हवा असतो तो हाच, पण तो असतो हेच माहीत नसतं.

धुळीचं म्हणाल तर तिच्यातला घातक भाग म्हणजे सिलिका. तिचाच स्फटिक असलेल्या क्वार्ट्झची कठीणता मोहस् या कठीणतेच्या मापावर ७, म्हणजे साध्या लोखंडाला ओरखडा काढील इतकी. डोळ्याला दिसणारे मोठे कण दोन्ही फिल्टर अडवतात. प्रश्न असतो ५ ते २० मायक्रॉनच्या कणांचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरात शिरतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत बसतात. इंजिन त्याच दिवशी बंद पडत नाही. काही वर्षांनी तेल खायला लागतं, आणि तोवर दोष कुणाला द्यायचा हेही विसरलेलं असतं.

पायरी १: डबा उघडा आणि नीट बघा

नवीन काही विकत घ्यायच्या आधी आत्ताचा फिल्टर काढा. इंजिन बंद आणि थंड असू द्या. डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू सोडवा, फिल्टर वर उचलताना तो कोणत्या बाजूने बसला होता ते बघून ठेवा, फोटो काढलात तर उत्तम.

आता खरी तपासणी. पांढरं स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळा आणि डब्याच्या इंजिनाकडच्या बाजूला, म्हणजे फिल्टरच्या पुढे जिथून पाइप इंजिनात जातो तिथे, आतून फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर सध्याचा फिल्टर आपलं काम करतोय. पिवळट-तपकिरी बारीक धूळ लागली तर ती आधीच इंजिनात जातेय. तेव्हा पहिलं काम नवा भारी फिल्टर शोधण्याचं नाही, गळती शोधण्याचं. कडेचं रबर कुठेतरी चेपलेलं असतं, एक क्लिप अर्धवट लागलेली असते, किंवा डब्याला तडा गेलेला असतो. जगातला सगळ्यात चांगला फिल्टर कडेने दोन मिलिमीटर उघडा राहिला तर हवा तिथूनच जाणार, कारण तिला तीच वाट सोपी.

फिल्टरच्या कागदाला बोट लावून बघा. काही जपानी गाड्यांच्या मूळ फिल्टरचा कागद किंचित ओशट असतो. त्यात कारखान्यातच चिकट द्रव मुरवलेला असतो. असा फिल्टर झटकायचा नाही, त्याला हवाही मारायची नाही, वेळ झाली की थेट बदलायचा. गॅरेजमध्ये सवयीने ‘फिल्टरला हवा मारून देतो’ म्हणतात, तेव्हा पटकन नको म्हणा.

आणि साध्या कोरड्या कागदालाही दर महिन्याला हवा मारू नका. जोराच्या हवेने कागदाला डोळ्याला न दिसणाऱ्या फटी पडतात, हे एक. दुसरं अनेकांना उलटं वाटतं: कोरा फिल्टर धूळ सगळ्यात कमी अडवतो. थोडी धूळ बसली की तिचाच थर बारीक कण अडवायला लागतो. किंचित मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगला गाळतो. सारखा साफ करणारा माणूस सारखा पहिल्या दिवसावर येऊन बसतो.

पायरी २: हवा खरंच अडतेय का?

तेलाच्या फिल्टरचा सगळा दावा असा की हवा मोकळी जाते म्हणून ताकद वाढते. पेट्रोल गाडी आपण नेहमी चालवतो ती अर्धवट ॲक्सिलरेटरवर. तेव्हा हवा रोखून धरणारा खरा अडथळा असतो थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी, झडप. फिल्टर मोकळा करणं म्हणजे दार लोटून घेतलेलं असताना अंगणाचं फाटक मोठं करण्यासारखं. फरक पडायचा तर तो पाय पूर्ण दाबून, वरच्या आरपीएमला.

तिथेही किती? १.२ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला जास्तीत जास्त ३,६०० लिटर हवा मिनिटाला ओढेल, सेकंदाला ६० लिटर. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल. म्हणजे एक किलोपास्कल अडथळा कमी झाला तर ढोबळमानाने एक टक्का हवा जास्त, आणि जवळपास एक टक्का ताकद जास्त. नव्या कागदाच्या जागी तेलाचा बसवून समजा अर्धा किलोपास्कल वाचला, तर १०० हॉर्सपॉवरच्या गाडीला मिळाला अर्धा हॉर्सपॉवर. मागच्या सीटवरची पिशवी उतरवली तरी साधारण एवढंच मिळेल.

विश्वास नको, स्वतः मोजा. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) लावायचा साधा स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. तुमची पेट्रोल गाडी बिनटर्बोची असेल आणि ॲपमध्ये मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपांतला दाब, दिसत असेल, तर आधी इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करून आकडा लिहून घ्या. हा तुमच्या ठिकाणचा हवेचा दाब. मग मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून वरच्या आरपीएमपर्यंत जा आणि शेजारी बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. पहिला आकडा ९६ आणि दुसरा ९३ आला, तर फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल या सगळ्यांचा मिळून अडथळा ३ किलोपास्कल. त्यात फिल्टरचा वाटा फक्त एक भाग. ॲपमध्ये हा आकडा पूर्णांकातच बदलतो, त्यामुळे नवा फिल्टर बसवूनही तो जर ९३ वर ९३ च राहिला, तर वाचलेला दाब जेमतेम एक किलोपास्कलच्या आत आहे असं समजा. फिल्टर काढून गाडी पळवून बघायचा मोह होईल. तो आवरा.

टर्बो गाडीत ही युक्ती चालत नाही, कारण सेन्सर टर्बोच्या पुढे असतो आणि थोडाफार अडथळा टर्बो स्वतःच भरून काढतो.

ॲव्हरेजचंही इथेच बोलून घेऊ. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम चोक केलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजवर लक्षात यावा असा परिणाम झाला नाही. वेग घेण्यात मात्र ६ ते ११ टक्क्यांचा फरक पडला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचं ॲव्हरेज थोडं पडलं. आता विचार करा: मुद्दाम चोक केलेला फिल्टर बदलून जिथे ॲव्हरेज वाढत नाही, तिथे चांगल्या कागदाच्या जागी तेलाचा लावून काय वाढणार? ज्यांची गाडी तेलाचा फिल्टर टाकल्यावर ‘हलकी’ झाली, त्यांनी बहुतेक वेळा अगदी भरलेला जुना फिल्टर काढून टाकलेला असतो. नवा कागदही तेच करून देतो. शिवाय मोकळ्या फिल्टरमुळे हवा ओढण्याचा आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. आवाज मस्त येतो, खोटं कशाला बोलू.

डबा काढून टाकून उघडा शंकूसारखा फिल्टर लावणाऱ्यांसाठी एकच हिशेब. बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते. हवा १० अंश सेल्सिअसने तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते. अर्धा टक्का कमवायला निघून तीन टक्के घालवायचे, याला नाकापेक्षा मोती जड म्हणतात.

पायरी ३: एमएएफ सेन्सर आहे का ते शोधा

फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपवर, डब्याच्या अगदी जवळ, एक वायरचा कनेक्टर दिसला तर तिथे बहुधा एमएएफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा, सेन्सर असतो. आत तापलेली बारीक तार किंवा पट्टी असते. हवा तिला जितकी गार करते, त्यावरून किती हवा आत गेली हे ओळखून कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. या तारेवर तेलाचा अंश बसला आणि त्यावर धूळ चिकटली की तिला जणू गोधडी पांघरली जाते. ती हवा कमी आहे असं सांगते, पेट्रोल कमी सुटतं, मिश्रण पातळ होतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड बहुतेक वेळा पी ०१७१, व्ही आकाराच्या इंजिनात जोडीला पी ०१७४, कधी पी ०१०१.

सगळ्या गाड्यांत हा सेन्सर नसतो. कित्येक छोट्या गाड्या फक्त मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज काढतात. त्यांना ही भीती जवळजवळ नाही. याच कनेक्टरमध्ये नुसता तापमानाचा सेन्सरही असू शकतो, म्हणून खात्री करायची तर ॲपमध्ये ‘एअर फ्लो, ग्रॅम प्रति सेकंद’ असा आकडा थेट येतो का आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा.

कारखान्यातून तेल लावून आलेला फिल्टर जसाच्या तसा बसवला तर सहसा त्रास होत नाही. त्रास होतो पहिल्यांदा धुतल्यानंतर, आपल्या हातून.

पायरी ४: तुमची धूळ आणि तुमचा संयम

फिल्टरच्या खोक्यावर ‘कार्यक्षमता’ लिहिलेली असेल तर ती वाचायची एक पद्धत आहे: किती अडवतो ते बघू नका, किती सोडतो ते बघा. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के अडवतो आणि दुसरा ९७. ऐकायला अडीच टक्क्यांचा फरक. पण १०० ग्रॅम धुळीतून पहिला अर्धा ग्रॅम सोडतो, दुसरा तीन ग्रॅम. सहापट. आकडा आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या प्रमाणित चाचणीचा आहे का, आणि बारीक धुळीवर घेतलाय की जाड, हेही बघा. जाड धुळीवर कुठलाही फिल्टर चांगला दिसतो. आकडाच नसेल आणि नुसती ‘पॉवर’ची चित्रं असतील, तर खोकं परत ठेवून द्या.

कच्च्या रस्त्यावरून, खाणीजवळून, शेतातून, बांधकामांमधून रोज जाणं असेल तर कागद. इथे माझ्या मनात शंका नाही. टर्बो डिझेल असेल तर आणखी ठामपणे कागद: डिझेल इंजिन वेग ठरवायला हवा अडवत नाही, इंधन कमीजास्त करतं, त्यामुळे ते कायम भरपूर हवा ओढत असतं आणि तेवढीच धूळही. शिवाय टर्बोची पाती धुळीने झिजतात.

तेलाचा कुणी घ्यावा? जो ट्रॅकवर गाडी नेतो, इंजिन वरच्या आरपीएमला ठेवतो आणि हंगाम संपला की इंजिन उघडून बघतो. हे फिल्टर मोटारसायकल आणि गाड्यांच्या शर्यतींमध्ये नावाला आले, आणि तिथे अर्ध्या टक्क्याला किंमत असते, इंजिनाला मात्र दोन लाख किलोमीटर टिकायचं नसतं. दुसरा माणूस म्हणजे ज्याच्या जुन्या गाडीचा कागदाचा फिल्टर मिळणंच बंद झालंय. तिसरा तो, ज्याला हाताने काम करायला आवडतं आणि फिल्टर सुकायला रात्रभर थांबण्याची ज्याची तयारी आहे. सर्व्हिसिंगला गाडी टाकून संध्याकाळी घेऊन येणाऱ्याने या वाटेला जाऊच नये, कारण तिथे तो फिल्टर कसा धुतला आणि त्यावर काय ओतलं हे कळत नाही.

‘आयुष्यभर एकच फिल्टर’ हा हिशेब करताना धुण्याचं द्रव आणि तेल यांचा खर्च धरा, आणि गाडी किती वर्षं ठेवणार तेही. वॉरंटी चालू असेल तर आधी तिचं पुस्तक वाचा.

पायरी ५: तेलाचा घेतलाच, तर धुवायचा कसा

इथे घाई करणारा फसतो. मी फसलो. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री फिल्टर धुतला, पंख्याखाली तासभर ठेवला, आतून ओला होता तसाच तेल लावायला घेतला. ओल्या कापडात तेल मुरत नाही, म्हणून रंग फिका दिसला, म्हणून आणखी ओतलं. दुसऱ्या दिवशी दोनशे किलोमीटरवर दिवा लागला. स्कॅनरवर पी ०१७१, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोलच्या प्रमाणात सतत करत असलेली दुरुस्ती) अधिक १८ टक्के. रस्त्याकडेला पाइप काढून आत बोट फिरवलं तर बोट गुलाबी. फिल्टरचा काही दोष नव्हता.

नवा फिल्टर खोक्यातून काढल्या काढल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवून लिहून ठेवा. पहिल्यांदा धुऊन पूर्ण सुकल्यावर पुन्हा वजन करा. दोन्हींतला फरक म्हणजे त्याला लागणारं तेल. पुढच्या प्रत्येक वेळी रंगाकडे बघून अंदाज बांधण्यापेक्षा ग्रॅमवर भरोसा ठेवा.

धुताना आधी सैल धूळ हलकेच झटका. त्याच्यासाठीच बनवलेलं द्रव दोन्ही बाजूंनी लावा आणि दहा मिनिटं मुरू द्या. वाळू देऊ नका. मग थंड पाण्याच्या हलक्या धारेने स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाते. प्रेशर वॉशर नाही, पेट्रोल-डिझेल नाही, कडक डिटर्जंट नाही. कापड आणि कडेचं रबर दोन्ही खराब होतात. वाळवताना हवा मारायची नाही आणि हेअर ड्रायरही नाही. सावलीत, उभा, रात्रभर.

तेल मळक्या बाजूने, प्रत्येक घडीच्या माथ्यावरून एक बारीक रेघ, एवढंच. वीस मिनिटं थांबा. तेल पसरत जातं आणि पांढरे ठिपके उरतात. तिथेच एकेक थेंब. इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा गंज सोडवायचे स्प्रे चालत नाहीत: पातळ तेल ओघळून जातं, जाड तेल भोकं बुजवतं. शेवटी आणखी काही तास ठेवून स्वच्छ बाजूने टिश्यू पेपर दाबून बघा. कागदावर डाग उमटला तर तेल जास्त झालंय, टिपून घ्या. हे सगळं चालू असताना गाडी लागणार असेल, तर कागदाचा एक फिल्टर घरात असू द्या.

पायरी ६: बसवल्यावर

फिल्टर बदलायच्या आधी लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा आकडा लिहून ठेवा. बसवल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा बघा. दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणं काही नाही. अधिकच्या बाजूला दहाच्या पुढे सरकत चालला तर दिवा लागायची वाट बघू नका, सेन्सर काढून एमएएफसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने धुवा. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब्युरेटर क्लीनर वापरू नका, तारेला बोट किंवा कापूस लावू नका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कनेक्टर जोडू नका.

हजारेक किलोमीटरनंतर पांढऱ्या फडक्याची तपासणी पुन्हा करा. ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी इंजिन ऑइल बदलताना थोडं तेल प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. अहवालात सिलिकॉनचा, म्हणजे धुळीतल्या सिलिकाच्या घटकाचा, आकडा येतो. कागदावर असताना एकदा आणि तेलाच्या फिल्टरवर असताना एकदा, सारख्याच किलोमीटरला काढलेले दोन अहवाल शेजारी ठेवले तर आत धूळ वाढली की नाही ते दिसतं. गॅस्केटचा सिलिकॉन सीलंट नुकताच वापरला असेल तर मात्र आकडा उगाच फुगतो.

आता तो कोरडा, धुता येणारा फिल्टर. गाळण्यात चांगल्या कागदाइतका क्वचितच, पण तेलाची भानगड नाही आणि सेन्सरला धोका नाही. नेहमीच्या डब्यात बसणारा, आयएसओ ५०११ चा आकडा छापलेला असा मिळाला, तर हौसेसाठी मी तेलाच्या आधी हा घेईन.

आणि तेलाचा वापरून कंटाळून पुन्हा कागदावर येणार असाल, जसा मी आलो, तर नुसता फिल्टर बदलू नका. डब्याच्या आत, रबर बसतं त्या खाचेत आणि पाइपमध्ये तेलाचा पातळ थर राहिलेला असतो. त्यावर कागदाचा फिल्टर ठेवला तर कडेचा कागद तेल पितो आणि खाचेत साठलेली चिकट धूळ रबराला नीट बसू देत नाही. डबा पूर्ण काढून साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग फिल्टर ठेवून चारही क्लिपा लागल्याचा आवाज ऐका.